खटका खाली

पनवेलला शाळेत नोकरी लागली आणि मी खोली शोधत हिंडू लागलो, तेव्हा पहिल्या चार घरमालकांनी चार निरनिराळे प्रश्न विचारले. एकानं जात विचारली, एकानं पगार, एकानं लग्न झालंय का, आणि चौथ्यानं सुकी मासळी खोलीत भाजणार का. मी आगऱ्याच्या घरातला. त्या चौथ्या प्रश्नाला खोटं बोलणं मला जमलं नाही. पाचव्या घराच्या ओटीवर एक उंच, वाळके गृहस्थ बंद गळ्याचा कोट घालून बसले होते. शाळेत नवा शिक्षक आहे असं मी सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एकच विचारलं, "रेडिओ आहे?"

मी ओशाळून नाही म्हणालो. रेडिओ नसलेला भाडेकरू त्यांना कमी प्रतीचा वाटणार, असं मला वाटलं.

"उत्तम," ते म्हणाले. "छपरावर दुसऱ्या तारेला जागा नाही." आणि आत हाक मारून बायकोला सांगितलं, गुरुजींना चहा ठेव.

त्या घरात मी सहा वर्षं राहिलो. संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या थोडा आधीचा तो काळ. गाव त्यांना तारमास्तर म्हणे. सगळी हयात त्यांनी तार खात्यात काढली होती आणि निवृत्त होऊन ते आपल्या गावी परतले होते. ते बेने इस्राएली. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. घरात मराठी, स्वयंपाकात नारळ आणि कोकम, दारच्या चौकटीला त्यांची धर्मवचनं लिहून आत ठेवलेलं एक लहानसं नळकांडं. मला ते पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणत आणि अहो-जाहो करत. मी त्यांच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान होतो. आयुष्यात मला पहिल्यांदा अहो म्हणणारा माणूस तोच.

मास्तरांचं अर्धं आयुष्य तारा पाठवण्यात गेलं होतं आणि उरलेलं त्या तारांमधून वीज आत येऊ नये म्हणून. निवृत्तीनंतर पाठवायच्या तारा संपल्या, वीज राहिली.

तेव्हाच्या रेडिओला छपरावर तार लागायची. कौलांवर दोन टोकांना दोन बांबू उभे करायचे, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणायची आणि तिची एक शेपटी खिडकीतून आत आणून रेडिओला जोडायची. रेडिओ विकणारे एवढं करून निघून जात. मास्तर म्हणत, हे म्हणजे विजेला घराचा पत्ता देऊन तिला दार उघडून ठेवणं झालं. वीज त्या तारेवरच पडायला हवी असं नाही, शेजारच्या माडावर पडली तरी तारेतून आत शिरते आणि रेडिओ जाळते. जवळ कोणी बसलेलं असलं तर त्यालाही सोडत नाही.

त्यांच्या स्वतःच्या खिडकीपाशी एक लाकडी फळी होती. फळीवर तांब्याच्या पात्याचा एक मोठा खटका, चिनी मातीच्या मुठीचा. मूठ वर केली की छपरावरची तार रेडिओला मिळायची. खाली पाडली की तीच तार रेडिओला सोडून सरळ जमिनीत जायची. जमिनीत म्हणजे अंगणातल्या खड्ड्यात. पुरुषभर खोल खड्डा, तळाशी तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मिठाचे थर. वीज आलीच तर तिला जायला ही वाट. रेडिओ ऐकून झाला की खटका खाली. घराबाहेर जाताना खटका खाली. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी खटका खाली, आणि मग शनिवारचा दिवस मावळेपर्यंत त्याला हात नाही. शब्बाथच्या दिवशी असली कामं करायची नसतात. म्हणून शनिवारी त्यांच्या घरी रेडिओ मुका असायचा.

असा खटका आणि असा खड्डा गल्लीतल्या प्रत्येक रेडिओच्या घरी असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आग्रह म्हणजे ते स्वतः फावडं घेऊन जात. माझे वडील भात पिकवायचे, पण त्यांचे मेव्हणे मिठागरावर होते. वडिलांनी हे ऐकलं तेव्हा बैलगाडीतून जाड्या मिठाची दोन पोती आणून मास्तरांच्या ओटीवर टाकली आणि एवढंच विचारलं, "मातीला मीठ खावाला घालताव, तं तिला तान लागत आसल नं?"

मास्तर आनंदानं उभे राहिले. खड्डा कोरडा पडला की कामाचा राहत नाही, त्याला रोज पाणी घालावं लागतं, ही गोष्ट गल्लीतल्या शिकलेल्या माणसांना ते दोन वर्षं समजावत होते. वडिलांच्या ती एका वाक्यात ध्यानात आली होती. त्या दिवसापासून दोघांची मैत्री. दोघंही ओटीवर बसून फारसं काही बोलत नसत. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मास्तरांना जास्त शब्द आवडत नव्हते, त्यामुळे छान जमत असे.

पाण्याचा प्रश्न मात्र वेगळ्याच रीतीनं सुटला. उन्हाळ्यात कोणी खड्ड्यात पाणी घालीना. मास्तरांनी मग गल्लीतल्या बायकांना विनंती केली, की सकाळी तुळशीला घालता त्यातलं तांब्याभर इथंही घाला. बायकांनी मनावर घेतलं. आधी पाणी आलं, मग खड्ड्यावरच्या दगडाला हळद-कुंकू लागलं, मग एक दिवस जास्वंद. कोणाच्या तरी मनात आलं की हा विजेचा देव असावा. मास्तरांना मूर्तीपूजा धर्मानं वर्ज्य. ते आठवडाभर अस्वस्थ होते. समजावायला गेले तर बायकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडला. शेवटी त्यांनी ते सोडून दिलं. मला म्हणाले, "फुलं येतात तोवर पाणी येतं."

पण एका घरी कुणी वारलं आणि त्या घराच्या खड्ड्यावर पाणीच पडेना. सुतकात देवाला कसं शिवायचं? मास्तर चौथ्या दिवशी स्वतः बादली घेऊन तिथं गेले. त्या घरच्या आजीबाई दारात आडव्या आल्या. मास्तर म्हणाले, "मला तुमचं सुतक नाही. मी घालतो." आजीबाईंना ते पटलं. त्यानंतर गल्लीत कुठंही सुतक लागलं की लोक मास्तरांना निरोप पाठवू लागले, आणि ते कुरकुर न करता बादली घेऊन जात.

लोक त्यांची चेष्टा करत नसत असं नाही. समोरच्या घरात पुढं दुकान थाटून एक किराणा दुकानदार राहत, गाव त्यांना शेठ म्हणे. त्यांच्याकडे गल्लीतला सगळ्यात मोठा रेडिओ होता आणि त्यांनी खटका बसवू दिला नव्हता. त्यांचं म्हणणं असं की एवढा मोठा कर्नाळ्याचा सुळका सोडून वीज माझ्या घरी साबण घ्यायला येणार आहे का. मास्तर हे ऐकून घेत आणि दर हस्ताच्या आधी पुन्हा त्यांच्या दारात जाऊन उभे राहत. आमच्याकडे विजा चमकतात त्या पावसाळा सरताना. दुपारनंतर प्रबळगडाच्या अंगाला ढग चढू लागतात आणि दिवस मावळायच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. मास्तर चार वाजल्यापासूनच ओटीवर येऊन पूर्वेकडे बघत बसत.

वीज चमकली की ते मोजू लागत. एक तार, दोन तार, तीन तार. प्रत्येक तार म्हणजे साधारण एक सेकंद. गडगडाट ऐकू आला की मोजणं थांबवायचं. आकडा मोठा तर वीज लांब, आकडा लहान तर जवळ. पंधरा आले की खटक्यावर हात ठेवायचा. दहाच्या आत आले की खाली. या नियमाला अपवाद नव्हता. गाणं अर्ध्यावर असो, बातम्या असोत, एकदा तर क्रिकेटच्या सामन्यात शेवटची जोडी खेळत होती आणि ओटीवर वीस माणसं बसली होती. मास्तरांनी नऊ मोजले आणि खटका पाडला. माणसं उठून गेली, दोघं-तिघं पुढं महिनाभर बोलली नाहीत.

एवढं वेड ज्याला असतं त्याच्यामागं काहीतरी घडलेलं असणार, असं गावानं धरून चाललं होतं. कोणी सांगे त्यांचा भाऊ विजेनं गेला. कोणी सांगे, कुठल्याशा तार ऑफिसात त्यांच्या डोळ्यांदेखत एक शिपाई जळाला आणि चूक मास्तरांची होती. मी एकदा धीर करून विचारलं. 

"काही झालं नाही, गुरुजी," ते म्हणाले. "माझ्या कुठल्याच ऑफिसात कधी काही झालं नाही. काम नीट केलं की काही होत नाही. त्याची गोष्ट होत नाही, एवढंच."

पुढं ते आणि मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुलाकडे इस्रायलला गेले. त्यांच्यातली बरीच घरं तेव्हा जात होती. जायच्या आधीच्या आठवड्यात ते निरोप घ्यायला घरोघर गेले आणि प्रत्येक घरी आधी अंगणात जाऊन खड्ड्याची माती बोटानं दाबून बघितली. मावशी मागं उभ्या राहून म्हणायच्या, "माणसांना भेटायला आलोय आपण." ते म्हणायचे, हो, तेच करतोय.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या दोन वर्षं आधीचं.

मुंबई रेडिओवर संध्याकाळी खेड्यातल्या लोकांसाठी एक कार्यक्रम असे. त्यात शिक्षकांची छोटी भाषणं होत. मास्तर मला म्हणाले की तुम्ही लिहून पाठवा. मी पाठवलं आणि मला बोलावणं आलं. आमच्या गावी, विचुंब्याच्या घरात पहिलं पुस्तक कसं आलं, यावर मी दहा मिनिटं बोलायचं होतं. भाषण तिथं बसून थेट करायचं, आणि ते एकदाच लागणार.

लिहिलेलं मी मास्तरांना दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि शब्द मोजत सुटले. त्यांच्या मते माणसानं प्रत्येक शब्दाला तारेचा दर पडतो असं समजून लिहावं. भाषणाच्या शेवटी मी वडिलांविषयी लिहिलं होतं. तीर्थरूप, ऋण, जन्मोजन्मी, अनंत उपकार, सगळं होतं. मास्तरांनी ते वाचून विचारलं, "त्यांनी केलं काय?"

मी सांगितलं. मी सातवीला, तेव्हा पनवेलला असलेल्या मामांकडे राहून शिकत होतो. त्या साली कापणीच्या दिवसांत आई तापानं पडली. त्या वर्षी मला शाळेतून काढून शेतावर नेतील असं सगळ्यांना वाटलं होतं. वडिलांनी कापणी एकट्यानं केली आणि मला कळवलंसुद्धा नाही.

"मग हे लिहा," मास्तर म्हणाले.

उपकार खोडले गेले. उरलं ते असं: "मी सातवीला होतो त्या साली आई तापानं पडली होती. वडिलांनी कापणी एकट्यानं केली, पण मला शाळेतून बोलावलं नाही. माझी बी.ए.ची पदवी त्या कापणीची आहे." मास्तरांनी ते मला तीनदा वाचायला लावलं आणि बोटांनी मोजलं. तेरा तार. म्हणाले, ठीक आहे.

खरं सांगायचं तर मला हे भाषण मुंबईच्या लोकांना ऐकवायचं नव्हतं. मला ते वडिलांना ऐकवायचं होतं. आमच्या घरात असलं काही तोंडावर बोलायची रीत नव्हती. मी बी.ए. झाल्याचं सांगितलं तेव्हा वडील म्हणाले होते, "बरां झाला. जेवलास?" आणि मी म्हणालो होतो, जेवलो. एवढंच. रेडिओवर ते समोर नसतील, मी समोर नसेन, तेव्हा मला बोलता येईल असं वाटलं. मास्तरांना हे मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. त्यांनी स्वतः विचुंब्याला निरोप धाडला की त्या दिवशी संध्याकाळी माझ्या घरी या, मुलगा रेडिओवर बोलणार आहे, शेवटपर्यंत बसा.

दिवस हस्ताचे होते. मी सकाळच्या एस.टी.नं ठाण्यावरून मुंबईला निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. भाषण नीट झालं. ती शेवटची तीन वाक्यंही मी म्हटली. मुंबईला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर ओटीवर वडील बसले होते. रात्री गावी परत गेले नव्हते. मास्तर दिसत नव्हते.

मी विचारलं, ऐकलं का?

"आयकला नं," वडील म्हणाले. "तुजाच आवाज. जरा नाकातशी येत व्हता."

"शेवटपर्यंत?"

वडील मावशींकडे बघू लागले. मावशींनी मग सगळं सांगितलं.

माझं भाषण सुरू झालं तेव्हा प्रबळगडाकडे विजा चमकू लागल्या होत्या. मास्तर खटक्यापाशी उभे राहिले. वडील रेडिओसमोर सतरंजीवर, पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं. आकडा आधी वीस होता. मग सतरा. पंधराला मास्तरांनी मूठ धरली. भाषण पुढं सरकत होतं आणि मास्तर एकीकडे वीज मोजत होते, एकीकडे माझी वाक्यं, कारण ते भाषण त्यांना पाठ होतं. चौदा. बारा. मावशी म्हणाल्या की त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझं अखेरचं थोडं राहिलं तेव्हा वीज चमकली आणि मास्तर मोठ्यानं मोजू लागले. सात तारांवर गडगडलं. रेडिओत मी म्हणालो, "आता शेवटी माझ्या वडिलांविषयी," आणि मास्तरांनी खटका पाडला.

घर गप्प झालं. समोर शेठच्या घरातून माझा आवाज चालूच होता, पण पावसाच्या आणि खरखरीच्या गोंधळात शब्द लागत नव्हते. शेठनी दुकानाच्या दारातून हाक मारली की काका, इकडे या, आमच्याकडे सगळं ऐकू येतंय. वडील उठले. मास्तरांनी त्यांचा दंड धरला आणि खाली बसवलं.

मग शेठच्या माडावर वीज पडली. रेडिओ एवढ्या मोठ्यानं फुटला की त्यांच्या खिडकीच्या काचा रस्त्यावर आल्या. शेठ अजून दुकानाच्या दारातच होते म्हणून वाचले. रेडिओपुढच्या सतरंजीला भोक पडलं. वडील तिथंच जाऊन बसणार होते.

आम्ही हे बोलत होतो तोवर ओटीवर माणसं येऊ लागली. सगळी गल्ली मास्तरांचं अभिनंदन करायला लोटली होती. महिनाभर न बोललेले क्रिकेटवालेही आले. शेठ स्वतः आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की मास्तर, मी गाढव, उद्याच माझा खड्डा खणा. एवढ्या वर्षांत मास्तरांच्या वाट्याला असा दिवस आला नव्हता. पण ते बाहेर येईनात. मावशी दोनदा आत जाऊन आल्या.

मी शेठना बाजूला घेऊन हळूच विचारलं की माझं शेवटचं काही ऐकलंत का. ते आठवू लागले. "काहीतरी भाताचं होतं गुरुजी," ते म्हणाले. "छान होतं. मग फुटलाच."

माणसं गेल्यावर मी आत गेलो. मास्तर खटक्याच्या फळीसमोर खुर्ची घेऊन बसले होते. मी म्हणालो की तुम्ही माझ्या वडिलांचा जीव वाचवलात. मनापासून म्हणालो, आजही म्हणेन.

"अठरा," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"खटका पाडला तिथून वीज पडेपर्यंत अठरा तार. मी मोजत राहिलो होतो. तुमची वाक्यं तेरा तारांची." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाच तार शिल्लक राहिल्या असत्या, गुरुजी. त्यांनी ऐकलं असतं."

मी म्हणालो, तुम्हाला ते आधी कसं कळणार? नियम दहाचा आहे.

"नियम बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पुन्हा तेच करीन. पण ऐकायचं राहिलं ते राहिलंच ना."

मी विषय बदलला. वडिलांना त्या वाक्यांचं काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, संध्याकाळी पागोटं बांधून गावी गेले. आतून मला थोडं हायसं वाटलं होतं, हेही कबूल करतो. बोललोही होतो आणि त्यांनी ऐकलंही नव्हतं.

रविवारी सकाळी मास्तर कोट-टोपी घालून माझ्या खोलीच्या दारात उभे. हातात माझ्या भाषणाचे कागद.

"विचुंब्याला किती वेळ लागतो चालत?"

आम्ही बांधाबांधानं गेलो. भात पिवळं झालं होतं, दोन-तीन शेतांत कापणी लागली होती.  घरी वडिलांची धांदल उडाली. त्यांनी बाज झटकली, आई पदर सावरून आत गेली आणि दाराआड उभी राहिली. मास्तर बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "बुधवारी मी तुमचं काही अर्ध्यावर तोडलं. ते पोचवायला आलोय." मग माझ्या हातात कागद दिले. "वाचा. पहिल्यापासून."

मी अंगणात उभा राहून वाचू लागलो. शेजारची दोन माणसं कुंपणाशी थांबली. पहिलं पुस्तक, मामांचं घर, शाळेतला पहिला दिवस, सगळं नीट वाचलं. वडील जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटची तीन वाक्यं आली तेव्हा माझी नजर त्यांच्या हातांवर गेली आणि मला ते जमेना. मी कागद दुमडले आणि म्हणालो, "एवढं बोलून मी आपली रजा घेतो."

"राहिलं," मास्तर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तेरा तार राहिल्या, गुरुजी. आभाळ स्वच्छ आहे. वाचा."

मग मी वाचलं. मी सातवीला होतो त्या साली आई तापानं पडली होती. वडिलांनी कापणी एकट्यानं केली, पण मला शाळेतून बोलावलं नाही. माझी बी.ए.ची पदवी त्या कापणीची आहे.

 वडिलांनी नाक ओढलं, पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ते जेवलास का विचारतील.

"येकट्यानं नाय," ते म्हणाले. "तुला कोनी सांगितला येकट्यानं? तुजी आय तापात उठून येत व्हती. मी कापायचो, ती भारे बांधायची. बांधता बांधता बसायची, परत उठायची. तुला कलवू नको म्हनाली ती. मी तं निरोप धाडायला माणूस बोलावला व्हता." ते दाराकडे वळले. "खरा हाय का नाय?"

"जाऊ द्या आता," दाराआडून आई म्हणाली. "त्याला किती वरसं झाली."

 बी.ए. झाल्यापासून ती कापणी मी किती लोकांना सांगितली होती. प्रत्येक वेळी आई त्यात तापानं पडलेली होती.

मास्तर बाजेवरून उठले. दारापाशी जाऊन, आत न बघता, त्यांनी विचारलं, "बाई, भारे तुम्ही बांधलेत? सगळे?"

"निम्मं," आई म्हणाली. "निम्मं त्यांनी."

"मुंबईला चुकीचं गेलं म्हणजे," मास्तर म्हणाले.

"मंग त्यांना कलवा," वडील म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले होते.

आम्ही दुपारचं जेवून परतलो. आईनं तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. मास्तरांना कुठली मासळी चालते ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून मासळी शिजवली नाही. सोमवारी सकाळी शाळेत जाताना मी मास्तरांना तार ऑफिसच्या खिडकीपाशी उभं पाहिलं. खिडकीतला तरुण त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांनी लिहून दिलेला कागद त्यानं वाचला आणि पुन्हा वाचला. तार मुंबई रेडिओच्या ग्रामीण कार्यक्रमाच्या नावे होती, इंग्रजीत, आणि मराठीत तिचा अर्थ एवढाच: बुधवारच्या भाषणात चूक. कापणी दोघांनी केली. निम्मे भारे आईनं बांधले. श्रोत्यांना कळवावं.

रेडिओकडून काही उत्तर आलं नाही. आठवडाभरानं मी मास्तरांना तसं म्हणालो. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. पोचल्याची नोंद होती, ती त्यांनी तपासली होती. ते म्हणाले, पुढं सांगायचं की नाही हे त्यांच्याकडे, आपल्याकडून गेलं. मग त्यांनी तारेची पावती माझ्या हातात दिली, तिच्या मागं त्यांनी तारेचा मजकूर मराठीत लिहिला होता, आणि म्हणाले की येत्या रविवारी विचुंब्याला जाल तेव्हा ही तुमच्या आईला द्या. त्यांना वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. मोठ्यानं.